कॅम्परमागे कार ओढताना: चाकामागचे दोन फ्लॅप की आडवा अख्खा पट्टा?

कोल्हापुरातून गगनबावड्यामार्गे कोकणात कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, नेताना मागे कार जोडली असेल, तर तिच्या काचेला आणि रेडिएटरला सगळ्यात जास्त धोका कॅम्परच्याच मागच्या चाकांचा. पावसाळ्यात डांबरातून सुटलेली खडी टायर मागे भिरकावतो. तिरपा वर उडालेला खडा काचेवर बसतो, जमिनीलगत सुटलेला फार तर बंपरवर. म्हणून खडा टायरपाशीच अडवावा, आणि त्यात प्रत्येक मागच्या चाकामागे टांगलेले सुटे रबरी फ्लॅप आडव्या पट्ट्यापेक्षा सरस.

सुटा फ्लॅप टायरमागे 15 ते 20 सेंटिमीटरवर हवा. रुंदी टायरपेक्षा दोन्हीकडे 3-4 सेंटिमीटर जास्त, जोडचाकं असतील तर दोन्ही धरून. खालची कड जमिनीपासून 10-12 सेंटिमीटर. हे माप पाण्याची टाकी भरून, सामान चढवूनच घ्यावं. रिकाम्या गाडीवर घेतलं की पुढे फ्लॅप घासतो. 8 मिलिमीटर जाडीचा, 60 बाय 45 सेंटिमीटरचा तुकडा साधारण 3 किलोचा होतो. साधं रबर स्वस्त, पण बोल्टपाशी फाटतं. कन्व्हेयर बेल्टचं कॅनव्हासच्या थरांचं रबर टिकतं. वर 25 बाय 5 मिलिमीटरची लोखंडी पट्टी दाबून दर 10 सेंटिमीटरला एम-8 (8 मिलिमीटरचा) बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहसा सैल न होणारा) लावा. नुसत्या वायसरवर भागवलं की भोक मोठं होत जातं. चासीला नवं भोक नको. आहेत ती भोकं वापरा, नाहीतर चासीला बाहेरून कवळणारा यू आकाराचा बोल्ट. याचा शत्रू एकच, रिव्हर्स: दगडावर किंवा उंचवट्यावर मागे घेताना फ्लॅप टायरखाली सापडतो आणि उपटून येतो.

आडवा पट्टा कॅम्परच्या मागच्या बंपरखाली, गाडीच्या रुंदीभर येतो. पुढच्या चाकांचा चिखल आणि सुट्या फ्लॅपांच्या मधून निसटलेली खडी तो पकडतो, ऊस हंगामात रस्त्यावर सांडलेली काळी मातीसुद्धा. पण 2 मीटरच्या पट्ट्याचं रबर 8-9 किलो आणि तो टांगायचा लोखंडी अँगल 6 किलो, शिवाय तो एक्सलपासून लांब. स्पीडब्रेकर उतरताना गाडीची शेपटी खाली जाते, म्हणून जमिनीपासून 20-25 सेंटिमीटर अंतर सोडावंच लागतं. वेगात वारा त्याला मागे उचलतो. खालच्या कडेला लोखंडी पट्टी किंवा पुढे बांधलेली साखळी हवी. फार खाली आणला, तर फटीतून जोरात जाणारी हवाच तांबडी धूळ उडवून कारवर आणते. सायलेन्सरच्या तोंडापाशी मोठी खाच कापा, नाहीतर रबर भाजतं. इंजिन मागे असलेल्या गाडीत पट्ट्याने हवा अडून इंजिन तापू शकतं; टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या पुढच्या इंजिनाला ही अडचण नाही. रबराऐवजी ब्रशसारखे केस असलेला पट्टा हलका, पण आपल्या चिकट चिखलात लगेच गच्च होतो.

घाट आणि खराब डांबर जास्त असेल, तर आधी सुटे फ्लॅप. रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या महामार्गावरून सारखी ये-जा असेल, तर जोडीला आडवा पट्टा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अँगल कापून वेल्डिंग सहज होतं. पाण्याचे तुषार मात्र दोन्हीतून निसटतात, आणि एखादा खडाही; तेव्हा खड्यासाठी कारच्या रेडिएटरपुढे जाळी लावाच. नवं रबर दबतं, म्हणून पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.