प्रो-ट्रे, कोकोपीट आणि एलईडी ट्यूब: गोव्याच्या पावसात सात महिने वापरल्यावर

मे ते नोव्हेंबर, दोन खेपा. पहिली पावसाळी मिरचीची, दुसरी वायंगणातल्या (पावसानंतरच्या हंगामातल्या) वांगी, टोमॅटो, कोबी, नवलकोलाची. सामान असं: ९८ खणांचे चार प्रो-ट्रे (रोपं तयार करायचे खणांचे प्लास्टिकचे ट्रे), ६५० ग्रॅमच्या कोकोपीटच्या (नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या) विटा, गांडूळखत, चार फुटी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब (पांढरा उजेड, ६५०० के), टायमर आणि एक लहान टेबलफॅन. निकाल आधीच सांगायचा तर ट्रे जरूर घ्यावेत, पण पैसे मोजकेच असतील तर आधी ट्यूब. आणि कोकोपीटची वीट धुतल्याशिवाय कधीही वापरू नये.

थंड देशांत हिवाळ्यात घरात बी टाकतात, कारण बाहेर जमीन गोठलेली असते. त्यांच्या सामानात ट्रेखाली घालायची गरम गादीही असते. आपल्याकडे तिचा काही उपयोग नाही. चवथीच्या दिवसांत पडवीत २५ ते ३० अंश असतातच आणि मिरची-वांग्याच्या बियाला तेवढंच लागतं. आपलं दुखणं ओल आणि कमी उजेड. उघड्या वाफ्यावर सप्टेंबरची एक जोराची सर आली की बी वाहून जातं किंवा मातीखाली दडपतं, आणि आडोशाला आणलं तर रोप उजेडासाठी मान लांबवत बसतं. ट्रे पहिला प्रश्न सोडवतो, दुसरा ट्यूबच सोडवते.

कोकोपीटबद्दल जरा विस्ताराने, कारण सगळ्यात जास्त रोपं इथे वाया जातात. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, आणि ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर आणखी. विटेवर ‘धुतलेलं’ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नये. पहिल्या खेपेतल्या एका विटेवर तसंच छापलं होतं, तरी मिरचीच्या पहिल्या पानांच्या कडा करपल्या आणि वाढ तिथेच थांबली. वीट पाच लिटर पाण्यात अर्धा तास फुगू द्यावी, साधारण आठ लिटर भुसा होतो. तो गोणपाटात भरून तीन वेळा भरपूर पाण्याने धुवावा. मग सहा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात २४ तास ठेवावा आणि शेवटी एकदा साध्या पाण्यातून काढावा. कॅल्शियम भुशाला चिकटलेला सोडियम सोडवतो. नुसत्या धुण्याने तो पुरता निघत नाही. पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तसला टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) असेल तर पिळून निघालेलं पाणी ३०० पीपीएमच्या खाली आलं की काम झालं.

तीन भाग भुसा, एक भाग चाळलेलं गांडूळखत. एका विटेत चार ट्रे भरतात. ओल तपासायची ती मुठीत: घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. खण भरताना ठोकून दाबू नये, ट्रे एकदा जमिनीवर हलकेच आपटला की पुरे.

खणात एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. जुनं किंवा घरचं बी असेल तर दोन घालावीत आणि पुढे कमजोर रोप कात्रीने कापावं, उपटू नये, कारण शेजारच्याची मुळं हलतात. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकायचे. कोबी-नवलकोल तिसऱ्या दिवशी, टोमॅटो पाचव्या, वांगी सहाव्या-सातव्या, मिरची आठव्या ते बाराव्या दिवशी वर येते. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी प्लास्टिक उचलून पाहावंच. अंकुर दिसल्यावर एक दिवस जरी अंधारात राहिला तरी पांढरा दोरा होतो, आणि ते रोप पुढे कधी सुधारत नाही.

ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १० ते १२ सेंटीमीटरवर, रोज १४ तास. छताला लावलेल्या ट्यूबचा उपयोग शून्य. उंची बदलता यावी म्हणून साखळीला टांगाव्यात. दोन ट्यूब शेजारी शेजारी लावल्या की खाली लांबीला जोडून दोनच ट्रे बसतात, म्हणून चारही ट्रे एका वेळी पेरू नयेत. विजेचा खर्च महिन्याला १७ युनिट. ओल्या पडवीत जोडणी भिंतीवर उंच असावी आणि वायर ट्रेच्या खालून नेऊ नये.

पाणी वरून घालणं हे दुसरं मोठं नुकसान. परातीत एक सेंटीमीटर पाणी घेऊन ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, तोही सकाळीच. धो धो पावसात दोन-तीन दिवसांनी पुरतं, ऑक्टोबरच्या उन्हात रोज लागतं. मर रोग लागलेलं रोप जवळून पाहिलं की विसरत नाही: पानं हिरवीगार, पण देठ भुशाला टेकतो तिथे दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक आणि तपकिरी, आणि रोप आडवं. एक पडलं की शेजारची दोन-तीन दुसऱ्या दिवशी पडतात. ते खण भुशासकट काढून टाकावेत, एक दिवस पाणी बंद, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम. त्यापेक्षा पेरतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम ओतलेलं बरं. दुसऱ्या खेपेत हे केलं, शिवाय फॅन रोज चार तास मंद चालवला, आणि चार ट्रेत मिळून सात खण गेले. मेच्या खेपेत दोन ट्रेतच चाळीस गेले होते.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं आणि गांडूळखत दहा-बारा दिवसच पुरतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम.

ट्रेचा खरा फायदा लावणीत कळतो. आपल्या आंबट तांबड्या मातीत वांगी-टोमॅटोला जिवाणूजन्य मर (ट्रेमधल्या मर रोगाहून वेगळी) लागते आणि तो जिवाणू मुळांच्या जखमेतून आत शिरतो. वाफ्यातून उपटलेल्या रोपाची मुळं तुटतातच. ट्रेमधलं रोप तासभर आधी पाणी देऊन खालून बोटाने ढकललं की मुळांच्या जाळीसकट अख्खं हातात येतं. तरीही ज्या जमिनीत हा रोग मुरलेला आहे तिथे ट्रे एकटा पुरणार नाही. तिथे या रोगाला दाद न देणाऱ्या जाती, टोमॅटोत अर्का रक्षक, वांग्यात अर्का निधी किंवा अर्का नीलकंठ, घ्याव्यात. आगशीचं वांगं (गोव्याची स्थानिक जात) हवंच असेल तर जागा बदलून लावावं.

टोमॅटो-कोबी २५ दिवसांत, वांगी ३५, मिरची ४० दिवसांत लावणीला येते. शेवटचे आठ दिवस बाहेर, आधी सकाळचं ऊन, मग दिवसभराचं. पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, म्हणून वांगी १५ सप्टेंबरला आणि टोमॅटो २५ला पेरलेला बरा. लवकर पेरलं तर रोपं खणात अडकतात आणि मुळं तळाशी गोल फिरू लागतात. खोल्याच्या (काणकोणातल्या खोला गावच्या) मिरचीसारखी जी पावसावरच घ्यायची, तिचं बी मेच्या सुरुवातीला टाकावं. तेव्हा ट्यूब लागत नाही, ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. मात्र ट्रे स्लॅबवर ठेवू नये, काळं प्लास्टिक तापून मुळं शिजतात.

तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, भेंडी, अळसांदे (चवळी) यांसाठी ट्रे नकोच, ते थेट जमिनीत. काकडी-दोडक्याला ५० खणांचा ट्रे, आणि बारा-चौदा दिवसांत लावून मोकळं व्हावं.

मुंग्यांचा बंदोबस्त आधीच करावा. तांबड्या मुंग्या टोमॅटोचं बी एका रात्रीत उचलून नेतात, म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. गोगलगायींनाही तोच उपाय चालतो.

ट्रे ०.८ मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. पातळ ट्रे भरलेला एका हाताने उचलला की काठावर तडकतो. चारपैकी एक असाच गेला. खेप संपल्यावर ब्लीचिंगच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून, धुवून सावलीत ठेवावेत. उन्हात टाकलेला ट्रे दुसऱ्या वर्षी हातात कुरकुरीत तुटतो.