स्वतःची लिनक्स इमेज: हाताने, बिल्डरूटने की योक्टोने?

फोंड्याला आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. त्यामुळे सोर्सपासून इमेज (बूट होणारी अख्खी सिस्टिम) बांधायची म्हटली की मी आधी एकच बघतो: एक ओळ बदलली, तर परत किती वेळ बसावं लागणार?

मायक्रोकर्नलच (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, अगदी छोटा ठेवून बाकी सगळं बाहेर चालवणारा) हवा असेल तर लिनक्स तुमच्या कामाचं नाही. त्यात ड्रायव्हर, फाइल सिस्टिम सगळं कर्नलच्याच पोटात असतं. १९९२ साली मिनिक्सवाले टॅननबॉम आणि लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांच्यात वाद झाला तो यावरूनच. तुम्ही एसईएल४ हा मायक्रोकर्नल बघा. आटोपशीर लिनक्स हवं असेल, तर तीन वाटा आहेत: सगळं हाताने, किंवा इमेज बांधून देणारी बिल्डरूट आणि योक्टो ही साधनं.

पहिली हाताची. कर्नल, बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड एकाच फाइलीत), दहा-बारा ओळींची इनिट स्क्रिप्ट (कर्नल सगळ्यात आधी चालवतो ती), सगळं सीपीआयओ आर्काइव्हमध्ये बांधायचं आणि क्यूएमू या एम्युलेटरवर चालवायचं. स्क्रिप्ट बदलली तर मिनिटभरात पुन्हा बूट. माझ्या पहिल्या प्रयत्नात कर्नल पॅनिक झाला, म्हणजे बूट होतानाच अडकला. वरच्या ओळीत इनिट चालवता आलं नाही, एरर -२, म्हणजे फाइल सापडत नाही. फाइल तर जागेवर होती! दोन संध्याकाळी शोधल्यावर कळलं, नव्हता तो बिझीबॉक्सला लागणारा डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा). बिझीबॉक्सच्या मेन्यूत स्टॅटिक बायनरीवर (लायब्ररी पोटातच घेतलेली) खूण करून पुन्हा बांधलं आणि प्रॉम्प्ट आला. बूट होताना काय घडतं ते मला त्या दोन संध्याकाळींनी शिकवलं, म्हणून ही वाट प्रत्येकाने एकदा तरी चालावी. पण एसएसएच, पायथन लागलं की एका लायब्ररीमागे दुसरी निघते. तिथे हाताचं काम सोडा.

तिथून पुढे बिल्डरूट. बोर्डाचा डेफकॉन्फिग (तयार सेटिंग) घ्या, मेन्यूकॉन्फिग या मेन्यूत पॅकेजं निवडा, ‘मेक’ ही कमांड द्या. मध्येच वीज गेली तरी पुरी झालेली पॅकेजं पुन्हा बांधत नाही. अर्धवट राहिलेल्याला तेवढं डर्क्लीन (त्या पॅकेजची साफसफाई) द्यायचं. एक मात्र सांभाळा: मेन्यूतून पॅकेज काढलं तरी ते इमेजमधून आपोआप जात नाही, आणि टूलचेन (कंपायलर वगैरे) बदललात तर मेक क्लीन करून सगळं मुळापासून. म्हणून टूलचेन पहिल्याच दिवशी ठरवा.

योक्टो २०१० पासूनचा. लेयर, रेसिपी (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल, अशा फायलींचा गठ्ठा म्हणजे लेयर), बिटबेक (त्या चालवणारं टूल) समजायलाच दिवस जातात, आणि डिस्कवर शंभर-दीडशे जीबी जागा मोकळी लागते. मात्र काय बदललं याचा हिशेब तो बिल्डरूटपेक्षा कितीतरी चोख ठेवतो आणि तेवढंच पुन्हा बांधतो. चार-पाच बोर्ड वर्षानुवर्षं सांभाळायचे असतील, हाताशी दणकट मशीन असेल, तरच घ्या.

कॉलेजचा प्रोजेक्ट चतुर्थीआधी उभा करायचा असेल, तर डोळे झाकून बिल्डरूट. पाऊस धरायच्या आत ‘मेक सोर्स’ चालवून सगळे टारबॉल (सोर्सच्या बांधलेल्या फायली) उतरवून घ्या आणि डाउनलोडचा फोल्डर बिल्डरूटच्या फोल्डरबाहेर ठेवा, म्हणजे डिस्टक्लीन (सगळं पुसणारी कमांड) दिलं तरी ते शाबूत राहतात.