लाकडी वल्हं मोसमभर वापरल्यावर

ओळखीतलं कुणी आउटरिगर होडीच्या क्लबात जायला लागलं की मला हमखास विचारतं: वल्हं लाकडी घेऊ की कार्बनचं? गेला अख्खा मोसम मी लाकडी वल्ह्यावर काढला आहे, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात वल्हवतो ती सहाजणांची, हवाईयन धाटणीची होडी. तोल राखायला बाजूला जोडलेला तरंगता ओंडका, म्हणजे उलांडी, डाव्या अंगाला. मालवणकडच्या लोकांना रचना समजावावी लागणार नाही. आमच्याकडे शर्यतीच्या स्पेक गटात, म्हणजे ठरलेल्या मापांच्या होड्यांच्या गटात, होडी किमान ४०० पाउंडांची, म्हणजे १८० किलोंच्या आसपास असावी लागते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हे खुळचट वाटलं होतं, हलकी होडी बनवता येत असताना जड कशाला ओढायची? पण यामुळे शर्यत पाकिटाची न होता दंडांची राहते. १९३३ साली हवाईत जेम्स ताकेओ यामासाकी यांनी कोआ या तिकडच्या झाडाच्या लाकडातून ‘मालिया’ ही होडी घडवली. १९५९ मध्ये ती कॅटालिना बेटाच्या शर्यतीसाठी इकडे कॅलिफोर्नियात आली, तिच्यावरून साचा काढला गेला आणि इथल्या फायबरग्लासच्या होड्यांची सुरुवात झाली. हवाईत राज्य अजिंक्यपदासाठी आजही कोआच्या होड्या उतरवतात. होडीजोगा कोआचा बुंधा आता सहज मिळत नाही, त्यामुळे जुनी होडी असलेले क्लब तिला घरातल्या म्हातारीसारखं जपतात.

उलांडीचे आडवे दांडे होडीला बोल्टने नाही, दोरीने आवळून बांधतात. लाटेत सांधा जरा लवचीक राहिलेला बरा असतो. बांधणीचे वेढे एकावर एक चढू न देता घट्ट ओढणं हे काम मला वल्हवण्याहून अवघड जातं.

आता वल्हं. माझं दांड्याला दोन ठिकाणी बाक असलेलं आहे: दांडा पट्ट्या चिकटवून केलेला, पात लाकडी, कडेला इपॉक्सीची किनार. कार्बनच्या वल्ह्यापेक्षा हे चांगलंच जड. हे वजन जाणवतं ते पाण्यात नाही, वल्हं उचलून पुढे नेताना. ‘हट... हट... हो!’ अशी हाक आली की बाजू बदलायची, आणि लांबच्या सरावात तासाभरानंतर त्या बदलात माझा खांदा कुरकुरतो. उलट पाण्यात पात रुतताना लाकूड थोडं दबतं, झटका कोपरापर्यंत येत नाही. मैत्रिणीचं कार्बनचं वल्हं अधूनमधून घेऊन पाहिलं. सुरुवातीच्या जोरात ते झकास चालतं, पण रात्री कोपर ठणकायचं. हा माझ्या कोपराचा हिशोब. तुमचं वेगळं असू शकेल.

झीज दोन ठिकाणी दिसते. खालचा हात धरतो तिथलं वार्निश उडून लाकूड पांढुरकं झालंय, आणि होडीच्या काठावर आपटून पातीच्या कडेला टवके गेलेत. टवका दिसला की लगेच इपॉक्सी भरायचं, नाहीतर पाणी शिरून लाकूड फुगतं. दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचं नाही. मुठीचा टोकाचा भाग आधी रुतायचा, बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर बरा झाला. विकणाऱ्याने लांबी दोन इंचांनी जास्त पाठवली होती आणि बदलून द्यायला महिना लावला, याचा राग अजून आहे.

लांबी मात्र स्वतःच ठरवू नका. होडीत बसून क्लबातल्या जुन्या माणसाकडून मापून घ्या. आणि होडी किनाऱ्यावर असताना तिच्यावरून ओलांडून जाऊ नका. आमच्याकडे हा नियम कागदावर नाही, पण तो मोडला की सगळ्यांच्या माना वळतात.

पुन्हा घ्यायचं झालं तर? सरावाला हेच घेईन. फक्त शर्यतीसाठी दुसरं परवडत असेल तर खुशाल कार्बन घ्या. सहाव्या जागेवर, म्हणजे सुकाणूवर, बसणार असाल तर यातलं काहीच लागू नाही. सुकाणूचं वल्हं सरळ दांड्याचं, रुंद आणि मजबूत पातीचं असतं, आणि सुरुवातीला ते क्लबाचंच वापरावं.