‘ऑल रीजन’ म्हणाला, तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

‘बँड ऑफ ब्रदर्स’ या दहा भागांच्या युद्धमालिकेचा २००२ साली अमेरिकेत निघालेला, पत्र्याच्या डब्यातला सहा डीव्हीडींचा संच ‘सीलबंद, इम्पोर्टेड, ओरिजिनल’ म्हणून विकणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून ५,५९० रुपये उकळले आणि घरच्या कॉम्प्युटरवर राईट केलेल्या चकत्या माझ्या गळ्यात मारल्या. जाहिरात जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर होती. आधी टोकन, मग उरलेली रक्कम, मग ‘कस्टम’ या क्रमाने माणसाला कसे खोलात नेतात हे वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे ती सगळी कथा उगाळत बसत नाही. १,५०० रुपये टोकन, २,७५० रुपये उरलेली किंमत आणि १,३४० रुपये कस्टम, एवढा हिशेब पुरे.

‘आजच्या काळात डीव्हीडी घेतो कोण?’ हा प्रश्न मला घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सर्वांनी विचारला, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. २०२३ साली एचबीओच्या (‘बँड ऑफ ब्रदर्स’ही त्यांचीच) सगळ्या मालिका भारतात एका ओटीटीवरून उतरल्या आणि दुसऱ्यावर गेल्या, तेव्हा वर्षाचे पैसे भरून बसलेल्या आमच्यासारख्यांना कुणी विचारलेही नाही. माझे सासरे सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या पंचाहत्तरीला ही मालिका त्यांच्या कपाटात कायमची असावी, असे मला वाटले. शिवाय सहाव्या चकतीवर ‘वी स्टँड अलोन टुगेदर’ हा माहितीपट असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या अमेरिकी छत्रीधारी तुकडीवर ही मालिका आहे, त्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनच्या ईझी कंपनीचे खरेखुरे सैनिक त्यात म्हातारपणी बोलतात, आणि सासऱ्यांना नटांपेक्षा त्यांचेच आकर्षण अधिक होते. हा हट्ट खुळचट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. टोकन पाठवण्याआधी मी विक्रेत्याला फोनवर स्पष्ट विचारले होते की, हा अमेरिकन संच आपल्याकडच्या प्लेअरवर चालेल का. तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, ‘सर, बिनधास्त घ्या, ऑल रीजन आहे, कुठेही चालेल.’ हे ऐकून मला हायसे वाटले! रीजन म्हणजे चकती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालावी, हे ठरवणारा तिच्यावरचा क्रमांक. वास्तविक अमेरिकेत विकला गेलेला तो संच रीजन १ चा आहे आणि भारत डीव्हीडीच्या हिशेबात रीजन ५ मध्ये येतो. अस्सल वस्तू हातात असलेला माणूस म्हणाला असता, ‘साहेब, रीजन १ आहे, तुमचा प्लेअर सगळ्या रीजनसाठी अनलॉक केलेला आहे का ते आधी पाहा.’ या संचाची कुठेही चालते ती चकती, जिच्यावरचे रीजनचे कुलूप कुणीतरी नक्कल करताना काढून टाकलेले असते. म्हणजे माझ्या प्रश्नाला त्याने एका अर्थाने खरे उत्तर दिले होते. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की, आपल्या बाजारात वर्षानुवर्षे अनलॉक केलेलेच प्लेअर विकले गेले, त्यामुळे रीजन नावाची भानगड इथे कुणाच्या ध्यानातच राहिलेली नाही. दुकानदारांना विचारा, दहातले नऊ खांदे उडवतील.

कस्टमचे १,३४० रुपये मात्र मला जास्त झोंबतात. जाहिरातीत ‘मुंबईत उपलब्ध’ असे लिहिलेली वस्तू पूर्ण पैसे मिळाल्यावर एकाएकी न्यू जर्सीहून निघाली आणि विमानतळावर अडकली. जे पार्सल खरोखर परदेशातून येते, त्याचे शुल्क टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी रीतसर आकारणी दाखवून पावतीसह घेते; ते कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर कधीही भरायचे नसते. पण ४,२५० रुपये अडकलेले असताना आणि पंचाहत्तरी तोंडावर आलेली असताना माणूस वाद घालत नाही, मागितलेली रक्कम भरून मोकळा होतो, आणि ही मंडळी जगतात ती याच हिशेबावर.

पार्सल आले तेव्हा डब्यावर प्लास्टिकचे सील होते. सील पाहून भुलू नका, गरम हवेच्या यंत्राने कुणीही ते पाच मिनिटांत चढवू शकतो. समारंभाच्या दिवशी पाहुण्यांसमोर सासऱ्यांनी डबा उघडला, पहिली चकती उलटी करून उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाले, ‘जावईबापू, ही कुणीतरी घरी राईट केलेली दिसते.’ चकतीची खालची बाजू जांभळट होती आणि आतल्या भागापासून सुरू झालेला गडद पट्टा कडेच्या थोडा अलीकडे संपलेला स्पष्ट दिसत होता, कारण राईट करणाऱ्याची सामग्री तिथेच संपली होती. कारखान्यात छापलेली चकती रुपेरी असते, दोन थरांची असेल तर सोनेरीसर झाक मारते, आणि मधल्या भोकाजवळच्या कड्यावर बारीक अक्षरांत उत्पादनाचे संकेतांक कोरलेले असतात. माझ्या सहाही चकत्यांवर ते कडे कोरे होते. चार पाहुणे तेवढ्यात भिंग शोधायला निघाले, ते वेगळेच.

तरीही आम्ही ती मालिका पाहिली, पैसे गेलेच होते म्हणून. दोन थरांच्या डीव्हीडीत साधारण ८.५ जीबी सामग्री मावते, ती ४.७ जीबीच्या कोऱ्या चकतीत कोंबली की काय होते, ते सहाव्या भागात दिसले. बेल्जियममधल्या बास्तोनच्या वेढ्यातले ते बर्फाळ जंगल निर्मात्यांनी इंग्लंडमधल्या हॅटफील्ड येथे विमानांच्या हँगरच्या आत उभे केले होते आणि तरी ते खरे वाटते, असा त्याचा लौकिक आहे. आमच्या पडद्यावर धुके हलले की बर्फाचे चौकोन चौकोन होत होते. खरा संताप शेवटच्या भागात झाला. या मालिकेत प्रत्येक भागाच्या सुरुवातीला काही वृद्ध सैनिक बोलतात, पण त्यांची नावे दहाव्या भागाच्या अखेरीपर्यंत दाखवत नाहीत. सासरे पहिल्या भागापासून त्या नावांची वाट पाहत होते. आमच्या चकतीवर बेसबॉलचा प्रसंग संपला आणि चित्र तुटले, पुढे काहीच नाही. माहितीपट असायला हवा होता त्या सहाव्या चकतीवर पाचवीचीच प्रत होती.

यानंतर दाद मागण्याचा प्रवास सुरू झाला, आणि विक्रेत्याने फसवले त्याचे एक वेळ काही वाटणार नाही, अशी वागणूक मला अधिकृत ठिकाणी मिळाली. ॲपच्या तक्रार विभागाने कळवले की, पैसे ॲपच्या बाहेर दिल्यामुळे आमचा संबंध नाही. मात्र विक्रेत्याचे खाते बंद करावे, एवढे साधे पाऊल उचलायलाही ते तयार नव्हते. बँकेचे म्हणणे असे की, पिन तुम्हीच टाकला, तेव्हा व्यवहार तुमच्या संमतीचा. जणू फसवणूक फक्त बेशुद्ध माणसाचीच होते! पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी डबा उलटासुलटा करून विचारले की, ‘पायरेटेड आहे म्हणता, मग तो घेतला कशाला?’ फिर्यादीलाच आरोपी करण्याची ही तऱ्हा ऐकून मी अवाक झालो. मग रक्कम लहान आहे, मग विक्रेता दुसऱ्या शहरातला आहे, मग हे दिवाणी स्वरूपाचे आहे, अशी कारणे एकामागून एक निघाली आणि शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून माझी बोळवण झाली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. हे सगळे मी छापून नेले होते. साहेबांनी तो कागद चहाच्या पेल्याखाली ठेवला.

विक्रेत्याने मात्र ‘परत पाठवा, पैसे देतो’ असे सांगून शेवटचा हात मारलाच. कुरिअरचे २१० रुपये भरून पाठवलेले पार्सल ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आले, म्हणजे एकूण ५,८०० रुपये. परत पाठवण्याआधी चकत्यांचे, कड्यांचे आणि वेष्टनाचे फोटो काढून ठेवा, नाहीतर हाती पुरावाही उरत नाही. पैसे गेल्याचे लगेच लक्षात आले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच घटकेला फोन करा, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकली की ती गोठवणे कठीण होते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, पण समोरच्याचे नाव-पत्ता लागतो, आणि माझ्यापाशी आहे तो फक्त एक बंद पडलेला मोबाइल क्रमांक.

ती जाहिरात नव्या नावाने पुन्हा झळकली आहे, किंमत ३,९९९ रुपये. फोटोतल्या डब्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला पोचा आहे आणि मागे हिरव्या फुलांची चादर दिसते. हा फोटो दिसला तर एक रुपयाचेही टोकन पाठवू नका. दुसरा कुणी असा संच विकत असेल, तर सील फोडून चकतीच्या खालच्या बाजूचा आणि आतल्या कड्याचा व्हिडिओ मागा, आणि सील फोडायला तो नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा.