पैसे पूर्ण भरले, फाइल माझ्याकडे आहे, पण उघडत नाही

३११ गाणी आणि ४६ ई-पुस्तकं. सगळी पैसे मोजून घेतलेली, चोरीची एकही नाही. ज्या कंपनीकडून घेतली तिने ऑनलाइन दुकान गुंडाळलं आणि परवाना तपासणारा सर्व्हरही बंद केला. फायली माझ्या हार्ड डिस्कवर जशाच्या तशा आहेत. क्लिक केलं की एकच ओळ येते: ‘परवाना पडताळता आला नाही.’

या फायलींना डीआरएमचं कुलूप आहे, म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय फाइल उघडूच न देणारी व्यवस्था. पहिलंच गाणं उतरवून दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकलं, तर वाजेना. मदतीच्या पानावर लिहिलेलं, ‘आमच्याच अ‍ॅपमध्ये ऐका.’ पाणी मुरत होतं ते तिथेच! पण बटणावर ठळक ‘विकत घ्या’ लिहिल्यावर, ‘आमची मर्जी असेपर्यंत वापरा’ असा अर्थ कोण लावणार? कॅलिफोर्नियात २०२५ पासून यासाठी कायदा आहे: मिळतोय तो फक्त परवाना, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालाला ‘खरेदी’ म्हणायचं नाही. म्हणजे फसलेली मी एकटी नाही.

अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसली, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. त्यांनी निदान पैसे तरी परत केले. मला छदामही नाही.

ग्राहक सेवेचं उत्तर: ‘अटी तुम्ही मान्य केल्या होत्या.’ तक्रार निवारणवाल्यांनी विचारलं, वस्तू सदोष आहे का? म्हटलं, वस्तूच उघडत नाही. मग म्हणे ही वस्तू नाही, सेवा आहे. मग कंपनी परदेशातली आहे. मग आमच्या अखत्यारीत येत नाही. प्रत्येक वेळी त्याच पावत्या नव्याने जोडा! मग यांची अखत्यारी आहे तरी कशावर? आणि कुलूप मी स्वतः तोडायचं म्हटलं, तर कायदा माझ्याच मागे लागणार. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने ते बेकायदा ठरवलंय. कंपनीने सर्व्हर बंद करणं मात्र कायदेशीर.

गाणी फ्लॅक किंवा एमपी३ या कुलूप नसलेल्या फाइल-प्रकारांमध्येच घ्या. एमपी३ ची पेटंटंही २०१७ पर्यंत संपली, म्हणजे त्यावर कुणा कंपनीची मक्तेदारी उरली नाही. ई-पुस्तकावर नुसतं ‘ईपब’ हे फाइल-प्रकाराचं नाव वाचून हुरळू नका, त्यालाही कुलूप घालतात. घेतल्या दिवशीच नेट बंद करून दुसऱ्याच कंपनीच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून बघा. नाही उघडली तर लगेच परतावा मागा.

आता हीच कंपनी मासिक सदस्यत्व विकतेय. ‘जुन्या ग्राहकांना सवलत’ असा ईमेल मला आलाय. तुम्हालाही येईल. घेऊ नका.