खरं वॉलेटही तेच बारा शब्द मागतं

चवथीचा आदला दिवस. खाली दादा आणि काका गणपतीवरची माटोळी बांधत होते, सुपारीचे घोस कुठे लावायचे यावरून दोघांचं चाललं होतं, आणि मी माडीवर नवा लॅपटॉप उघडून माझ्या क्रिप्टो वॉलेटचे बारा इंग्रजी शब्द एकेक करून टाईप करत होते. शेवटचा शब्द टाकला, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. तेवढ्यात आईने हाक मारली, मी खाली जाऊन नारळ मोजून दिले. वर आले तरी चक्र फिरतच होतं. माझे चौदा महिन्यांचे पैसे त्या वेळात निघून गेले होते.

मी गोव्यातल्या पेडण्याची. मांद्रे, मोरजी, हरमल या बाजूच्या गेस्ट हाऊसना आणि योगवर्ग घेणाऱ्यांना मेनूकार्डं, फलक, वेबसाईट करून देते. यातले काही विदेशी. त्यांतल्या दोघांनी विचारलं, यूएसडीटीत पैसे दिले तर चालतील का? यूएसडीटी म्हणजे एका डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो, म्हणजे डिजिटल नाणं. मी हो म्हटलं आणि अशी नाणी ठेवायचं, ब्राउझरमध्ये चालणारं वॉलेट उघडलं. पैसे गेले तेव्हा त्यात १,८५० यूएसडीटी होते, दीड लाख रुपयांच्या वर. पावसाळ्यात आमच्याकडे कामं बंद असतात. ते चार महिने काढण्यासाठी ठेवलेले पैसे होते.

पहिल्यांदा वॉलेट उघडलं तेव्हा मी सगळं नीट केलं होतं, हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं निष्काळजी माणसंच फसतात. वॉलेटने दिलेले बारा शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, वहीत हाताने लिहिले. फोटो काढला नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवले नाहीत, कारण फोनमधले फोटो आपोआप इंटरनेटवर जाऊन बसतात. वही लोखंडी कपाटात, आईच्या साड्यांखाली. वर्षभर तिला कोणी हात लावला नाही. मग जुना लॅपटॉप पावसात बिघडला, नवा आणला, आणि वॉलेट त्यावर घ्यायचं म्हणून ती वही बाहेर काढली.

गूगलवर वॉलेटचं नाव शोधलं. सर्वांत वर आलेला दुवा उघडला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात, असं लिहिलेलं होतं, ते मला नंतर दिसलं. पान अगदी तसंच होतं, तोच रंग, तेच चिन्ह. ‘नवीन वॉलेट’ आणि ‘जुनं वॉलेट परत मिळवा’ अशी दोन बटणं. दुसरं दाबलं. बारा रिकामे चौकोन आले.

आता ज्या गोष्टीने माझा विश्वास बसला ती सांगते. मी शब्दाची पहिली चार अक्षरं टाकली की पुढचा शब्द पान स्वतः पूर्ण करत होतं. मला वाटलं, याला माझे शब्द ओळखता येतात म्हणजे हे खरंच. तसं काही नसतं. बहुतेक वॉलेटं हे शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या एकाच यादीतून उचलतात. ती यादी सर्वांना खुली आहे, आणि तिच्यात कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. शब्द पूर्ण करून द्यायला चोराला त्या यादीपलीकडे काही लागत नाही.

‘बारा शब्द कुणाला सांगू नका’ हे मीही वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. पण लॅपटॉप बदलताना खरं वॉलेटही तेच बारा शब्द मागतं. तिथे माणूस बेसावध असतो, कारण शब्द द्यायचीच ती वेळ असते. म्हणून कुणी मागितले याहून कुठे मागितले हे बघायला हवं. ब्राउझरमधलं खरं वॉलेट हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम असतं, आधी ब्राउझरमध्ये बसवावं लागतं आणि मगच शब्द विचारतं. ते विचारत असताना वर पत्त्याच्या पट्टीत कुठल्याही वेबसाईटचं नाव नसतं. क्रोममध्ये तिथे ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ आणि पुढे अक्षरांची लांब माळ असते. माझ्यासमोर डॉट कॉमने संपणारा पत्ता होता आणि वॉलेटच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मी पट्टीकडे पाहिलंच नाही. एवढंही पुरत नाही, कारण खोटी एक्स्टेन्शनंसुद्धा ब्राउझरच्या ऑनलाईन दुकानात शिरलेली आहेत. कंपनीचा पत्ता स्वतः टाईप करावा, तिथूनच दुवा घ्यावा, आणि तो पत्ता एकदा पक्का झाला की बुकमार्क करून ठेवावा. शोधायला जाऊच नये.

संध्याकाळी दादाच्या एका मित्राने इथरस्कॅन या साईटवर माझ्या वॉलेटचा पत्ता, म्हणजे ज्यावर नाणी येतात तो क्रमांक, उघडून दाखवला. माझी नाणी इथेरियम या जाळ्यावर होती, आणि त्यावरचा प्रत्येक व्यवहार तिथे कुणालाही दिसतो. बटण दाबल्यापासून चार मिनिटांत १,८५० यूएसडीटी एका अनोळखी पत्त्यावर गेले होते आणि आणखी सहा मिनिटांत त्यांचं इथर, म्हणजे इथेरियमचं स्वतःचं नाणं, झालं होतं. ही घाई का, ते त्याने समजावलं. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवू शकते, पोलिसांच्या सांगण्यावरून तिने तसं केलेलंही आहे. इथर गोठवणारं मात्र कुणी नाही. चोराला हे माहीत असतं.

मी लगेच पासवर्ड बदलायला निघाले. त्याने थांबवलं. पासवर्ड फक्त त्या एका लॅपटॉपवरचं कुलूप असतो. शब्द ज्याच्याकडे गेले तो जगात कुठेही बसून तेच वॉलेट आपल्या यंत्रावर उघडतो, त्याला माझा पासवर्ड लागत नाही. अशा वेळी एकच उपाय, नवे शब्द घेऊन नवं वॉलेट काढायचं आणि जुन्यात जे उरलं असेल ते त्यात हलवायचं. जुना पत्ता कायमचा मेला असं धरायचं आणि तो ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवायचं.

यातलं शेवटचं मी केलं नाही. सणाच्या गडबडीत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी, घरात गणपती बसलेला असताना, मांद्र्याच्या एका गिऱ्हाईकाने जुन्याच पत्त्यावर २२० यूएसडीटी पाठवले. ते मला दिसत होते, पण हलवायचे तर गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क लागतं, ती इथरमध्येच भरावी लागते, आणि वॉलेटमध्ये इथर शून्य. दादाच्या मित्राने स्वतःचं थोडं इथर माझ्या पत्त्यावर पाठवलं. आम्ही दोघं पडद्याकडे डोळे लावून बसलो. आकडा दिसला, आणि मी ‘पाठवा’ दाबायच्या आत पुन्हा शून्य झाला. अशा वॉलेटवर चोर पहारा देणारा प्रोग्राम लावून ठेवतात. इथेरियमवर साधारण दर १२ सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा बनतो, आत आलेलं इथर तो प्रोग्राम पुढच्याच ब्लॉकमध्ये उचलतो. माणसाचा हात तेवढा चालत नाही. आरतीला खालून हाका येत होत्या. आरती आटपून परत आलो तोवर ते २२० सुद्धा गेले होते.

त्या रात्री मी एका टेलिग्राम ग्रुपवर माझी हकीकत लिहिली. ही आणखी एक चूक, आणि बहुतेक जण ही करतात. अर्ध्या तासात तिघांचे मेसेज आले. एकाने स्वतःला वॉलेटच्या मदत विभागाचा म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं, ‘ताई, पैसे कुठे आहेत ते मला दिसतंय, आठवड्यात आणून देतो, आधी पंधरा हजार भरा.’ दिसत तर सगळ्यांनाच असतं, पण दिसणं वेगळं आणि परत आणणं वेगळं. मला हे आदल्या संध्याकाळीच समजावून झालं होतं, तरी मी यूपीआय उघडून आकडा टाकला होता. दादाने फोन हातातून काढून घेतला. ज्याचं नुकतंच गेलंय तो काहीही खरं मानायला तयार असतो, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. वॉलेट कंपनीचा खरा माणूस आपल्याला आधी मेसेज करत नाही आणि शब्द कधीच विचारत नाही.

१९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन केला, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घातली, आणि चवथ झाल्यावर म्हापशावरून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. ऐकून घेणारे अधिकारी नीट बोलले. बँकेतून पैसे गेले असते तर लवकर कळवल्यावर ते वाटेत अडवता येतात, इथे मध्ये बँकच नाही. तरी तक्रार करा. चोराला रुपये किंवा डॉलर हवे असतील तर कधीतरी एखाद्या एक्स्चेंजकडे, म्हणजे नाणी पैशांत बदलून देणाऱ्या कंपनीकडे यावं लागतं, आणि तिथे तुमची तक्रार कामी येऊ शकते. जाताना व्यवहारांचे हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), तुमच्या आणि चोराच्या वॉलेटचे पत्ते, खोट्या पानाचा पूर्ण पत्ता आणि वेळ हे सगळं कागदावर छापून न्या. माझ्याकडे खोट्या पानाचा पत्ता फक्त ब्राउझरच्या हिस्टरीत होता, ती पुसली असती तर तोही गेला असता.

कराचंही सांगते. २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तिच्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. माझ्या सीएने समजावलं, कामाचे पैसे मिळाले तेव्हा ते उत्पन्न झालं, पुढे चोरीला गेले म्हणून ते मिटत नाही.

आता मी विदेशी गिऱ्हाईकांकडूनही बँकेतच पैसे घेते. ज्यांना वॉलेट लागतंच त्यांनी त्यासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाईल ठेवावं, त्यात दुसरं एकही एक्स्टेन्शन नको. चालू खर्चापुरतं तिथे ठेवावं आणि बाकीचं हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली स्वतःतच ठेवणाऱ्या छोट्या यंत्रावर. त्याचे शब्द त्या यंत्रावरच टाकावेत, लॅपटॉपच्या कीबोर्डवर कधीही नाही. कुठलीही साईट ‘अप्रूव्ह’, म्हणजे तुमची नाणी काढायची मंजुरी, मागेल तर रक्कम बघा. अमर्याद मंजुरी दिली असेल तर तुमचे शब्द सुरक्षित असूनही ते नाणं सगळंच्या सगळं काढून घेता येतं.

चोराच्या त्या पत्त्याकडे मी अजून बघते. ती जाहिरात मी गूगलकडे दोनदा कळवली. मागच्या रविवारी त्या पत्त्यावर तीन नव्या रकमा आल्या होत्या, ४०, ३१५ आणि २,६०० यूएसडीटी. तिन्ही वेगवेगळ्या पत्त्यांवरून, आणि ते तिन्ही पत्ते मागे शून्यावर आलेले.