सोंडेची थरथर: जोडीच्या हत्तींचा आठ महिन्यांचा अनुभव

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी सात वाजता माझ्या टेबलावरच्या खेळण्यातल्या हत्तीची सोंड खाली गेली, तिथेच थांबली आणि सावकाश वर आली. आमच्या ठरलेल्या खुणांमध्ये याचा अर्थ "झोपायला जातोय." बाबा साडेदहाच्या आत कधी आडवे होत नाहीत. मी दोनदा सोंड दाबली, उत्तर नाही. मेसेज टाकला, तो वाचलेला दिसेना. फोन करण्यात अर्थ नव्हता, कारण कानात यंत्र घालूनही त्यांना फोनवरचं बोलणं लागत नाही. चाळीस मिनिटांनी शेजारच्या काकूंना विनंती करून घरी पाठवलं. बाबा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. मोबाईल खाली राहिला होता. "मी तर रोजच्यासारखं दोनदा दाबलं आणि वर आलो," असं त्यांनी काकूंना सांगितलं.

दोनदा दाबलं म्हणजे "आहे मी, ठीक आहे." त्यांनी पाठवलं ते एक आणि माझ्यापर्यंत पोचलं ते दुसरंच. त्या चाळीस मिनिटांमुळेच हे सगळं लिहायला बसले आहे.

दोन हत्ती, दोन घरं, मधे इंटरनेट. एकाची सोंड हलवली की दुसऱ्याची तशीच हलते. ही खेळणी कशी चालतात हे वाचणाऱ्यांना माहीत असेल, त्यामुळे खोक्यात काय काय येतं यावर वेळ घालवत नाही. वायफायचं एवढंच सांगते की ती वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीवर जोडली जातात. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर आधी ५ गिगाहर्ट्झची पट्टी तात्पुरती बंद करा, नाहीतर अख्खी दुपार त्यातच जाईल. बाबांकडे माझी तशीच गेली.

घेतले होते मुलासाठी. तो सहा वर्षांचा, आजोबा लांब, आणि व्हिडिओ कॉलवर दोघांचं जमत नसे. बाबा ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. चित्र मागेपुढे झालं की त्यांना काहीच लागत नाही. मग ते नुसते हसून मान डोलावतात, आणि त्यांना कळलेलं नाही हे मुलालाही समजतं. सोंडेला ओठ लागत नाहीत. पहिले पंधरा दिवस दोघांनी धुमाकूळ घातला. तिसऱ्या आठवड्यात मुलाचं मन उडालं आणि हत्ती कपाटावर गेला. पैसे वाया गेले असं मी तेव्हा एकीकडे लिहिलंही होतं. ते मत आता मागे घेते.

कारण एका रात्री मी धूळ पुसत असताना कपाटावरच्या हत्तीने दोनदा सोंड हलवली. मुलाचं खेळणं संपलं होतं, पण बाबा रोज रात्री त्यांच्या हत्तीची सोंड दाबतच होते. मी तो खाली उतरवला आणि दोनदा दाबलं. लगेच उत्तर आलं. तेव्हापासून हत्ती माझ्या टेबलावर आहे. हळूहळू आमच्या खुणा ठरत गेल्या. दोनदा म्हणजे मी आहे, एकदा लांब म्हणजे झोपतो, भरभर तीन-चारदा म्हणजे मेसेज बघ. आई गेल्यापासून मी बाबांशी इतकं बोलले नव्हते, आणि यात बोलणं तर नाहीच.

आता त्या थरथरीबद्दल, कारण माझ्यासाठी अख्खं खेळणं तिच्यात आहे. दोन्ही टोकांनी एकाच वेळी सोंड धरली की ती बारीक थरथरू लागते. सुरुवातीला मला हा दोष वाटला, तक्रारही केली. मग कारण समजून घेतलं. मी सोंड खाली दाबते ते बाबांकडे उशिरा पोचतं. ते त्यांच्या बाजूने जोर लावतात, तो माझ्याकडे उशिरा येतो. दोन्ही मोटरी एकमेकींच्या जुन्या जागेकडे धावतात, थोड्या पुढे जातात, परत फिरतात. लांबून चालवायच्या यांत्रिक हातांवर काम करणाऱ्यांना हे दुखणं कित्येक दशकांपासून माहीत आहे. मधे उशीर आला की जोराची देवाणघेवाण डगमगते, आणि ती थोपवायला मोटर मऊ करावी, म्हणजे तिचा जोर कमी करावा लागतो. तारेवरून हालचाल पाठवण्याचा खटाटोपही काही आजचा नाही. १९८६ साली डग बॅक आणि नॉर्मन व्हाइट या कलावंतांनी टोरांटो आणि पॅरिसमधल्या माणसांना टेलिफोनच्या लायनीवरून पंजा लढवायला लावलं होतं. पुढे १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये लाकडी रुळांची जोडी तयार झाली. एकीकडचा रूळ फिरवला की दुसरीकडचा फिरे आणि हाताला समोरच्याचा विरोध लागे.

पण कारण कळल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. एका टोकाला कुणी नसेल तर सोंड कधीच थरथरत नाही. थरथरते ती दोघांचे हात एका क्षणी सोंडेवर असले तरच. ही खूण माझ्याआधी बाबांनी हेरली होती. "थरथरली की मला कळतं तू धरून आहेस," असा त्यांचा मेसेज आला होता. मग रोज रात्री झोपायच्या आधी आम्ही मिनिटभर सोंड धरून बसायचो आणि ती बोटांखाली थरथरत राहायची.

तिसऱ्या महिन्यात बिघाड झाला. मुलाच्या मित्राने सोंड पिरगाळली आणि आतून कर्रकर्र आवाज यायला लागला. कंपनीचं उत्तर असं की सुटे भाग विकत नाही, एकच हत्तीही मिळणार नाही, नवी जोडी घ्या. वॉरंटीत हे बसत नाही. एका हत्तीची सोंड बिघडली म्हणून दोन हत्ती टाकून द्यायचे, हे मला पटण्यातलं नव्हतं. पोटाखालची शिवण उसवली, चार स्क्रू काढले. आत शौकीन लोक रोबोटसाठी वापरतात तशी छोटी सर्व्हो मोटर (ठरावीक कोनात फिरून थांबणारी) निघाली, नायलॉनच्या गिअरची. एका गिअरचे लागोपाठ तीन दात साफ झाले होते. कुणी उघडणार असेल तर एक सांगते: मोटर बदलू नका. नेहमीच्या सर्व्होतून तीन वायरी निघतात, या मोटरमधून चार. चौथी आतल्या पोटेन्शिओमीटरची, म्हणजे फिरण्याचा कोन मोजणाऱ्या भागाची आहे, सोंड कुठे आहे ते हत्तीला तिच्यावरूनच कळतं. साधी मोटर बसवली तर सोंड हलेल, पण तुम्ही दाबलेलं पलीकडे जाणार नाही. मी फक्त धातूच्या गिअरचा त्याच मापाचा संच आणून बसवला. आवाज थोडा वाढला आणि सोंड आधीपेक्षा जड फिरते, पण पाच महिने झाले, पुन्हा कुरकुर नाही. सोंडेसारखी हाताने दाबायची, पिरगाळायची वस्तू नायलॉनच्या दातांवर उभी करणं ही करणाऱ्याची चूक आहे. त्याचा दोष मुलांच्या माथी मारू नये.

चौथ्या महिन्यात बाबांकडे राहायला गेले तेव्हा हत्ती बरोबर नेला होता. दोन्ही हत्ती एका टेबलावर शेजारी ठेवले आणि मोबाईलवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण केलं. एक सोंड हलल्यापासून दुसरी हलेपर्यंत ६५ चौकटी, म्हणजे साधारण २७० मिलिसेकंद. मधे वीतभर अंतर आणि एकच वायफाय असताना ही स्थिती! प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पाच हजार किलोमीटरला २५ मिलिसेकंद. तेव्हा उशीर आमच्या दोन घरांमधल्या अंतराचा नाही. प्रत्येक हालचाल आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून परत येते. तरीही माझी तक्रार नव्हती. २७० च्या २७० रोज सारखे असतील तर हाताला त्याची सवय होते.

पुढे सातव्या महिन्यात एक अपडेट आलं. "आता हालचाल अधिक मुलायम" अशी जाहिरात होती. दोन दिवस मलाही बरं वाटलं, कारण वायफाय कमकुवत असताना सोंड हिसके द्यायची ते थांबलं. पण रात्री सोंड धरली तर थरथर नाही. एकदम शांत. मला वाटलं बाबांनी धरलेलीच नाही. बाबांना वाटलं मी धरलेली नाही. दोन-तीन रात्री आम्ही दोघंही धरून बसलो होतो आणि दोघांनाही पलीकडे कुणी नाही असं वाटत होतं. हे नंतर मेसेजवर बोललो तेव्हा उघड झालं. आणि त्याच आठवड्यात ती सात वाजताची संध्याकाळ.

मी हत्ती उचलून बाबांकडे गेले. पुन्हा तेच चित्रण केलं, या वेळी १०८ चौकटी, म्हणजे ४५० मिलिसेकंद. वाढलेला उशीर कुठून आला ते उघड आहे. येणारी हालचाल साठवून, घासूनपुसून मग सोंडेला दिली जाते. त्या घासण्यात बाबांच्या दोन झटपट दाबांमधली फट बुजली आणि दोनाचं एक लांब झालं. मग मी दुसरी तपासणी केली. बाबांचा हत्ती घरच्या वायफायवर, माझा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. बाबांनी सोंड अर्धी दाबली आणि तिथेच धरून ठेवली. त्या क्षणी मुलाने राउटरचा प्लग ओढला. बाबांच्या हातातली सोंड अर्ध्यावरच होती. माझी सोंड मात्र थांबली नाही. ती पूर्ण खाली गेली, क्षणभर थांबली आणि अलगद वर आली.

बाबांनी ते पाहिलं. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या हत्तीकडे. "हे मी नाही केलं," एवढंच म्हणाले.

माझा राग याचा आहे. फोनवर आवाज तुटला तर आपल्याला कळतं की तुटला. पलीकडच्या माणसाने न म्हटलेलं वाक्य यंत्राने त्याच्या आवाजात पुरं केलं तर आपण ते खपवून घेऊ का? स्पर्शाच्या बाबतीत तेच करून त्याला मुलायम म्हणतात. हत्तीची सोंड हलते ती माझे वडील हलवतात म्हणून. ते हलवत नसतील तर तिने गप्प राहावं.

ग्राहक सेवेशी अकरा मेल झाले. पहिल्या सहांत राउटर बंद-चालू करा, ॲप काढून पुन्हा टाका. सातव्या मेलला मी चित्रण जोडलं, तेव्हा कुठे प्रकरण कुणा जाणत्या माणसाकडे गेलं. त्या व्यक्तीने नीट वाचून उत्तर दिलं की हरवलेली हालचाल अंदाजाने भरून काढली जाते, आणि ते बंद करायची सोय आहे. ॲपमध्ये हत्तीच्या चित्रावर बोट दाबून धरलं की "प्रगत" उघडतं, त्यात "थेट हालचाल". दोन्ही हत्तींवर चालू करावी लागते. इतकं साधं उत्तर अकराव्या मेलपर्यंत का लागावं हा प्रश्न उरतोच, पण त्या माणसाचे आभार मानते. वर लिहिलेल्यातलं निम्मं मी या उत्तराआधी लिहिलं होतं, आणि तेव्हा "घेऊ नका" असा निकाल देणार होते.

आता तसं म्हणत नाही. थेट हालचाल चालू केल्यावर हिसके परत आले, नेट गेलं की सोंड जागच्या जागी थांबते, आणि थरथर परत आली. फक्त प्रत्येक अपडेटनंतर ही सोय आपोआप बंद होते. परवाच्या अपडेटनंतर पुन्हा झाली. बाबांना ॲपमधलं ते ठिकाण सापडत नाही, म्हणून मी पायऱ्यांची चित्रं काढून त्यांच्या भिंतीवर चिकटवायला पाठवली. ही सोय कायम चालू राहावी म्हणून कंपनीला अजून लिहिते आहे. तुमच्याकडे ही जोडी असेल तर तुम्हीही लिहा.

दोन गोष्टी पटकन. या हत्तीत माइक नाही आणि कॅमेरा नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. नेटवर जोडलेली बोलकी बाहुली "माय फ्रेंड केला" हिच्यावर जर्मनीच्या नियामकाने २०१७ मध्ये लपून ऐकण्याचं साधन म्हणून बंदी घातली होती. सोंड दाबल्याची नोंद कुणी चोरली तरी त्यातून आमचं फारसं काही कळणार नाही. दुसरी गोष्ट काळजीची. पहिलं वर्ष सर्व्हर फुकट आहे, पुढे महिन्याची वर्गणी सुरू होणार. वर्गणी मी भरेन, कुरकुर करत का होईना. पण सर्व्हरच बंद झाला तर? डिसेंबर २०२४ मध्ये मुलांचा रोबोट "मोक्सी" बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा किती घरांत लहान मुलांना समजावत बसावं लागलं. म्हणून मी कंपनीला एक मागणी लेखी कळवली आहे: दोन हत्ती सर्व्हरशिवाय थेट एकमेकांशी जोडता येतील असं सॉफ्टवेअर निदान बंद करताना तरी द्या. उत्तर आलेलं नाही.

लहान मुलांसाठी घेत असाल तर तीन आठवड्यांचा खेळ आहे, तेवढ्यासाठी जोडी महाग पडते. ज्यांच्या घरात कुणाला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, आणि ते माणूस लांब आहे, त्यांनी घ्यावी. पहिल्याच दिवशी थेट हालचाल चालू करावी.

काल रात्री साडेदहाला बाबांचा लांब दाब आला. मी सोंड सोडली नाही, त्यांनीही सोडली नाही. धातूच्या गिअरमुळे थरथर आता थोडी खरखरीत लागते. बराच वेळ ती चालू होती, मग माझ्या बोटाखाली थांबली. त्यांनी हात काढला होता.